न मोजलेली जागा

(मन्नाएखेळ्ळी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दिवाळीच्या आगेमागे बिदर, लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : अमुक साखर कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन उत्साहात पार पडले. पूजा होते, नारळ फुटतो, संचालक मंडळी भट्टीत लाकडे टाकतात आणि त्या दिवसापासून चार-पाच महिने तो बॉयलर सहसा थंड होत नाही. हळ्ळीखेडचा बिदर सहकारी, इमामपूरचा नारंजा, हुणजीचा महात्मा गांधी ही नावे इथल्या ऊसवाल्या घरांत पोराटोरांनाही पाठ आहेत. उसाचा भाव किती, उतारा किती, थकबाकी किती, हे प्रश्न प्रत्येक सभेत निघतात. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : ज्या पाइपांतून ही वाफ धावणार, त्यांच्या भिंतींची जाडी आज किती उरली आहे?

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. कारखान्यातले पाइप आणि दाबाची भांडी न फोडता, न कापता आतून कशी तपासतात. हे काम माणसाच्या हातातून यंत्राकडे का गेले. आणि यंत्र आल्यावरही माणसाकडे काय उरते.

मन्नाएखेळ्ळीच्या चौकातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ एका अंगाने हुमनाबादवरून सोलापूर-पुण्याकडे जातो, तर दुसऱ्या अंगाने झहीराबाद, पटानचेरू करत हैदराबाद गाठतो. या रस्त्याच्या आजूबाजूला पोलादी पाइपांचे मोठे जग पसरले आहे. सोलापूरजवळ पाकणीला मुंबई-पुण्याकडून येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची इंधनवाहिनी पोहोचते. हुमनाबाद आणि बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, तर पलीकडे वाडी आणि सेडमला सिमेंटचे. काकीनाड्याच्या किनाऱ्यावरून निघून गुजरातेत भरूचला पोहोचणारी, सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची आणि ४८ इंच व्यासाची वायुवाहिनी २००९ पासून चालू आहे. तीही तेलंगणातून कर्नाटकात शिरून पुढे महाराष्ट्रात जाते.

जमिनीखालची वाट राखणे या भागाला नवे नाही. बिदरच्या नौबाद भागातली कारेझ बहामनी काळातली आहे. खडकाच्या पोटातून पाणी नेणारी ही वाट खोदताना कारागिरांनी तिच्यावर अंतराअंतराने उभ्या विहिरी पाडल्या. त्यांतून हवा खेळायची, पाणी काढता यायचे आणि गाळ उपसायला माणूस खाली उतरू शकायचा. जे डोळ्यांआड आहे ते टिकवायचे तर आत पाहण्याची सोय बांधतानाच करून ठेवावी लागते, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. वाफेच्या पाइपाला मात्र अशी झरोक्याची विहीर पाडता येत नाही. त्याच्या आत पाहायचे तर आवाज पाठवावा लागतो.

हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो. उलट दिशेने, विजेचा ठोका दिला की स्फटिक थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. या थरथरीतून सेकंदाला पन्नास लाख कंपनांचा आवाज काढता येतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी १९२८ च्या सुमारास धातूतले दोष अशा आवाजाने शोधण्याची कल्पना मांडली. मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणाऱ्या उपकरणाचे पेटंट १९४२ मध्ये मिळवले. आज कारखान्यात 'यूटी' (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग) म्हणतात ती तपासणी तिथून सुरू झाली.

काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहू. पाइपावरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारे आवरण, काढतात, रंगाचे पापुद्रे आणि गंज ब्रशने खरवडतात, त्यावर जेलचा किंवा ग्रीसचा थेंब ठेवतात. हा थेंब चुकवून चालत नाही, कारण पोलाद आणि आवाज सोडणारा-ऐकणारा प्रोब यांच्यामध्ये केसाएवढी जरी हवा राहिली तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. मग बोटाच्या पेराएवढा प्रोब टेकवायचा. पोलादात हा आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. भिंत १० मिलिमीटरची असेल तर जाऊन-येऊन २० मिलिमीटरचा प्रवास तो सेकंदाच्या साडेतीन दशलक्षांशापेक्षाही कमी वेळात उरकतो. उपकरण हा वेळ मोजते आणि पडद्यावर आकडा येतो : ९.८. आतला गंज बाहेरून दिसत नाही, पण भिंत किती उरली ते कळते.

आकडा आला म्हणून तो खरा धरायचा नसतो. पोलाद तापले की त्यातला आवाज मंदावतो. दर ५५ अंश सेल्सिअसला साधारण एक टक्का. त्यामुळे थंड ठोकळ्यावर जुळवून घेतलेले उपकरण तीनशे अंशांच्या पाइपावर लावले तर भिंत आहे त्यापेक्षा सुमारे पाच टक्के जाड दिसते. १० मिलिमीटरच्या भिंतीत ही चूक अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि ती नेमकी धोक्याच्या बाजूने होते. पत्रा लाटताना त्याच्या पोटात पापुद्रा राहिला असेल तर आवाज मधूनच परततो आणि धडधाकट भिंत निम्मी झाल्याचा भास होतो. हे ओळखायला शिकलेला डोळा लागतो. म्हणूनच या धंद्यात लेव्हल वन, लेव्हल टू, लेव्हल थ्री अशा परीक्षा आहेत.

आता मुख्य मुद्दा. २५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा एक मीटर तुकडा घेतला तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ७,८५० चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी एकेक वाचन घेण्याची पद्धत आहे. प्रत्येक वाचन साधारण एका चौरस सेंटिमीटरची खबर देते. म्हणजे चार वाचने घेऊन पृष्ठभागाचा जवळजवळ दोन हजारावा हिस्सा पाहिला जातो आणि उरलेल्याबद्दल अंदाज बांधला जातो. गंज सगळीकडे सारखा लागत असेल तर हा अंदाज खरा ठरतो. पण गंज खड्डे पाडतो, वळणावर खातो, पाण्याचा थेंब साठतो तिथे खातो. मोठ्या अपघातांचे अहवाल वाचत गेले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : पाइप जिथून फुटला, तिथे कुणी मोजलेच नव्हते.

इंग्लंडमधल्या हंबर तेलशुद्धीकरण कारखान्यात १६ एप्रिल २००१ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, सहा इंची पाइपाचा एक एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, फुटला आणि प्रचंड स्फोट झाला. सात-आठ मिलिमीटरची भिंत तिथे ०.३ मिलिमीटरवर आली होती. त्या एल्बोच्या थोडे अलीकडे पाइपात पाणी सोडण्याची सोय नंतर बसवलेली होती. ते पाणी एल्बोवर आदळत राहिले आणि आतला संरक्षक थर धुऊन नेत राहिले. कारखान्याचा तो विभाग १९८१ मध्ये सुरू झाल्यापासून तो एल्बो एकदाही तपासला गेला नव्हता. सुट्टी होती म्हणून आवारात माणसे थोडी होती, आणि जीवितहानी टळली.

जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्रात ते भाग्य कामगारांच्या वाट्याला आले नाही. ९ ऑगस्ट २००४ रोजी तिसऱ्या संचाचा, अणुभट्टीबाहेरच्या चक्रातला गरम पाण्याचा पाइप फाटला. वाफेने भाजून पाच कामगार दगावले. पाइपाची मूळ १० मिलिमीटरची भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरहूनही कमी उरली होती. संच १९७६ पासून चालू होता आणि ही जागा तपासणीच्या यादीतून सुटून गेली होती. चूक आदल्या वर्षी लक्षातही आली होती. तपासणी त्याच ऑगस्टमध्ये, काही दिवसांनी सुरू होणाऱ्या शटडाउनमध्ये ठरली होती. गेलेले कामगार त्याच शटडाउनच्या तयारीसाठी आत आले होते.

आपल्या देशातलीही उदाहरणे आहेत. १९९० च्या नोव्हेंबरात रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याच्या वायू-भंजन प्रकल्पात वायुगळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. २७ जून २०१४ ला पहाटे आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम गावात, १८ इंची वायुवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक गावकरी होरपळून गेले. त्यात झोपेत असलेली मुलेही होती. कोरड्या वायूसाठी घातलेल्या या वाहिनीत वायूबरोबर पाणी आणि इतर द्रव येत राहिले आणि पाइप आतून गंजत गेला. कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या माणसांचा जीव जमिनीखालच्या भिंतीच्या जाडीवर अवलंबून असू शकतो, हे नगरमने दाखवून दिले.

तपासणीचे काम यंत्राकडे जाण्याचा पहिला मोठा रेटा अणुऊर्जेतून आला. तिथे माणसाला फार वेळ उभेच राहता येत नाही. भारतातल्या २२० मेगावॉटच्या जडपाणी अणुभट्ट्यांत, म्हणजे कर्नाटकातल्या कैग्यासारख्या केंद्रांत, प्रत्येक भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. त्यांत इंधन असते आणि त्यांतूनच तापलेले जड पाणी वाहते. प्रत्येक नळीभोवती दुसरी नळी असते. आतली नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने झोळ धरून बाहेरच्या थंड नळीला टेकली, तर त्या जागी हायड्रोजन साठून धातू ठिसूळ होतो. कॅनडाच्या पिकरिंग केंद्रात ऑगस्ट १९८३ मध्ये अशी एक नळी फाटली आणि जगभर सगळे सावध झाले. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी या नळ्यांसाठी 'बार्सिस' ही तपासणी यंत्रणा घडवली. तिचे डोके जेमतेम सव्वातीन इंची पोकळीत शिरते. ध्वनीने भिंतीची जाडी आणि बारीक ओरखडे टिपते, भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहांच्या (एडी करंट) मदतीने दोन नळ्यांमधले अंतर मोजते आणि झोळ किती पडला तेही सांगते. मोजणारा माणूस दूर, सुरक्षित जागी पडद्यासमोर बसतो.

हीच रीत पुढे तेलशुद्धीकरण, खत, रसायन आणि वीज कारखान्यांत आली. आता एक छोटी गाडी पाइपावर किंवा टाकीच्या भिंतीवर चढते. तिची चाके चुंबकाची असतात, म्हणून ती उभ्या पोलादावर सरळ चढते आणि पोटाखालूनही चालते. एका नळीतून तिला पाणी मिळत राहते, म्हणजे जेलचा थेंब लावत बसावे लागत नाही. चाकाला जोडलेला मापक ती नेमकी कुठे आहे हे क्षणाक्षणाला लिहितो. प्रोब डावीकडून उजवीकडे सरकतो, गाडी दोन मिलिमीटर पुढे जाते, प्रोब परत फिरतो. दोन-दोन मिलिमीटरवर एक वाचन धरले तर मघाच्याच मीटरभर पाइपावर चारांऐवजी जवळजवळ दोन लाख वाचने मिळतात. संगणक त्यांचा रंगीत नकाशा करतो. जाड भिंत निळी, पातळ होत गेलेली पिवळी, फार पातळ झालेली लाल. निळ्या पट्ट्यात मधेच उठलेला रुपयाएवढा लाल डाग चार जागांच्या वाचनात सापडला असता, तर तो निव्वळ योगायोग.

वेल्डच्या जोडासाठी वेगळी युक्ती आहे. इंग्लंडच्या हारवेल प्रयोगशाळेत मॉरिस सिल्क यांनी १९७० च्या दशकात अशी पद्धत बसवली की जोडाच्या एका बाजूने आवाज सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने ऐकायचा. मध्ये तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवरून आवाज वळून येतो आणि त्या दोन्हींच्या येण्याच्या वेळांतल्या फरकावरून तड्याची उंची कळते. फेज्ड ॲरे पद्धतीत एकाच प्रोबमध्ये अनेक बारीक स्फटिक ओळीने असतात. त्यांना मागेपुढे ठोका दिला की ध्वनीचा झोत प्रोब न हलवता वेगवेगळ्या कोनांत वळवता येतो. जमिनीखालच्या लांब वाहिन्यांत तर तपासणीचे यंत्र आतूनच वाहत जाते. त्याला 'पिग' म्हणतात. तेलाच्या वाहिनीत तेलच आवाजाला वाट देते, म्हणून तिथे ध्वनीचे पिग चालतात. वायूच्या वाहिनीत ती सोय नाही, म्हणून तिथे बहुधा पोलादाला चुंबकीय करून बाहेर पाझरणारे क्षेत्र मोजतात. असे पिग भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन ऑइल यांनी मिळून देशातच तयार केले.

या यंत्राची खरी किंमत वेगात नाही, ती दोन गोष्टींत आहे. पहिली, सलग नकाशा. त्यात वगळलेली जागा वगळलेली म्हणूनच दिसते. दुसरी, त्याच जागी परत येण्याची हमी. हाताने घेतलेल्या वाचनात चार वर्षांपूर्वीचा बिंदू आणि आजचा बिंदू यांत दोन बोटांचे अंतर पडले तर जाडी वाढलेली दिसू शकते, आणि पोलाद काही वाढत नाही. काही ठिकाणी तर गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून टेबलावरच नवे आकडे भरल्याचे प्रकार घडतात. यंत्राच्या नोंदीत प्रत्येक वाचनाची जागा, वेळ आणि मूळ ध्वनिरेषा राहते. ती दहा वर्षांनीही उघडून तपासता येते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. चुंबकी चाके स्टेनलेस स्टीलच्या बहुतेक पाइपांना धरत नाहीत. खडबडीत गंजावर प्रोब उडतो. आधाराच्या खुर्चीखाली, नोझलच्या कोपऱ्यात गाडी पोहोचत नाही. ओतीव किंवा भरड कणांच्या धातूत आवाज विखुरतो. लॅगिंगखालचा गंज तर आधी लॅगिंग उघडल्याशिवाय सापडत नाही, आणि शून्याच्या आसपासपासून १७५ अंशांपर्यंतच्या साध्या पोलादी पाइपांना त्याचा मोठा धोका असतो. मुख्य म्हणजे कुठला पाइप यादीत घ्यायचा हे यंत्र ठरवत नाही. हंबरचा एल्बो आणि मिहामाचा पाइप कागदावरच सुटले होते. जगातले उत्तमातले उत्तम यंत्र आणले असते तरी यादीत नसलेल्या जागेवर ते चढलेच नसते.

साखर कारखान्याला हे सगळे कसे लागू पडते? उसाबरोबर माती येते, मातीबरोबर बारीक वाळू बगॅसमध्ये जाते आणि भट्टीत जळून उरलेली राख वाळूसकट इकॉनॉमायझरच्या नळ्यांवर घासत राहते. ही झीज नळीच्या एका अंगाला, बहुधा वळणावर होते. हंगाम संपल्यावर सात-आठ महिने कारखाना उभा असतो. नळ्यांत पाणी राहिले आणि हवा लागली की गंज आतून खड्डे पाडतो. म्हणजे कारखाना चालू असताना बाहेरून झीज, बंद असताना आतून. त्यात जुन्या कारखान्यांतले २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर जाऊन सहवीजनिर्मितीसाठी ६७, ८७ आणि ११० किलोचे आले. भिंत निम्मी झाली की तिच्यावरचा ताण दुप्पट होतो. जास्त दाबाच्या पाइपांत चूक माफ होण्याची जागा फार थोडी.

भारतात बॉयलरच्या तपासणीची सुरुवात अपघातातूनच झाली. १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा बॉयलर-स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा आला. १९२३ मध्ये देशभराचा बॉयलर कायदा झाला आणि तो शंभर वर्षे चालला. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. अति तापमानात चालणाऱ्या भागांचे एक लाख तास भरले की उरलेले आयुष्य तपासण्याचा नियमही आहे. पण कायद्याचा निरीक्षक ठरावीक वेळीच येतो. रोजची नजर कारखान्याचीच असावी लागते.

ती नजर कशी ठेवायची याचा हिशेब शाळेतल्या गणितात बसतो. एका पाइपाची जाडी चार वर्षांपूर्वी ९.५ मिलिमीटर होती, आज ८.३ आहे. म्हणजे वर्षाला ०.३ मिलिमीटर गेले. सुरक्षिततेसाठी किमान ५ मिलिमीटर हवे असतील तर हाताशी ३.३ मिलिमीटर, म्हणजे अकरा वर्षे उरली. चालू पाइपांच्या तपासणीसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या 'एपीआय ५७०' या संहितेप्रमाणे पुढची तपासणी या उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळाच्या आत करायची असते. म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत, आणि वाहणारा पदार्थ फार धोकादायक असेल तर कमाल पाचच वर्षे. हा हिशेब बरोबर असला तरी त्यातला ८.३ हा आकडा पाइपाच्या सर्वांत पातळ जागेचा आहे की हाताला सोपी सापडलेल्या जागेचा, यावर सगळे अवलंबून आहे.

या भागातल्या तरुणांसाठी इथे एक कामही आहे. आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर पुण्याला, हैदराबादला, आखातात जातो. त्याला धातू कळतो, उंचीवर चढायची सवय असते, शटडाउनची धावपळ माहीत असते. ध्वनितपासणीच्या परीक्षा देऊन तोच माणूस नकाशा वाचणारा तंत्रज्ञ होऊ शकतो. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानांवर पडत वाढलेल्या मन्नाएखेळ्ळीच्या मुलाला शटडाउनच्या टोळीतल्या कुठल्याही वेल्डरशी बोलता येते. हेही तितकेच उपयोगी, कारण कुठला पाइप गेल्या वर्षी थरथरत होता आणि कुठल्या वळणाला परस्पर ठिगळ मारले आहे, हे सर्वांत आधी पाळीवरच्या कामगाराला माहीत असते.

म्हणून येत्या ऑफ सीझनमध्ये इथल्या प्रत्येक कारखान्याकडे ऊस घालणाऱ्या सभासदांनी आणि कामगारांनी तीन गोष्टी मागाव्यात. वाफेच्या, रसाच्या आणि रसायनांच्या सगळ्या पाइपांची यादी, आणि त्यात आजवर कधीच न मोजलेल्या जागांवर वेगळी खूण. सर्वांत जास्त दाबाच्या आणि सर्वांत जास्त झिजणाऱ्या वळणांचा यंत्राने घेतलेला सलग नकाशा. आणि मागच्या तपासणीपासून कुठे किती मिलिमीटर गेले त्याचा तक्ता, सर्वसाधारण सभेच्या अहवालात ताळेबंदाच्या शेजारी छापलेला. ताळेबंद कळणाऱ्या सभासदाला हा तक्ताही कळेल, आणि पुढच्या अग्निप्रदीपनाआधी कुठला पाइप बदलायचा हे सभेत विचारता येईल.